एंटरप्राइझची ‘पुनर्रचना’, ‘नूतनीकरण’ की ‘नवी घडण’?

प्रश्न

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेवर २००९ साली आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटावरून तिच्या चाहत्यांमध्ये जो वाद रंगला, त्यावर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. जे. जे. एब्रम्स यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एंटरप्राइझ हे अंतराळयान आणि त्यावरील कर्णधार कर्क, स्पॉक, उहुरा ही मंडळी नव्याने साकारण्यात आली. इंग्रजीत या सगळ्याला मिळून ‘रीडिझाइन’ असे सर्रास म्हटले जाते. पहिल्या खर्ड्यात मी त्यासाठी ‘पुनर्रचना’ हा शब्द घेतला होता. परंतु ‘यानाची पुनर्रचना’ वाचताना जुने यान खोलून पुन्हा जोडले असावे असे वाटते आणि ‘स्पॉकची पुनर्रचना’ तर वाचवतच नाही. ‘फेररचना’, ‘नूतनीकरण’, ‘कायापालट’ हेही शब्द मनात आहेत. यांतील कोणता घ्यावा, की यान आणि पात्रे यांच्यासाठी वेगवेगळे शब्द योजावेत?

उत्तर

‘पुनर्रचना’ आपल्याला खटकला हे योग्यच आहे. ज्या गोष्टीचे घटक तेच राहतात आणि त्यांची मांडणी तेवढी बदलते, तिच्यासाठी हा शब्द मराठीत रुळलेला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा गावे होती तेथेच राहिली, सीमा हलल्या. कर्जाच्या पुनर्रचनेत कर्ज तेच असते, हप्ते बदलतात. २००९ च्या एंटरप्राइझमध्ये याच्या अगदी उलट घडले आहे. मूळ मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज यांनी १९६० च्या दशकात ठरवलेली मांडणी, म्हणजे पुढे तबकडी, तिच्याखाली मान, मानेखाली धड आणि धडापासून निघालेल्या दोन खांबांवर दोन नॅसेल (इंजिनांची लांबट आवरणे), ही जशीच्या तशी ठेवलेली आहे, आणि प्रत्येक घटकाचा आकार मात्र बदललेला आहे. मूळ यानाची नॅसेल सरळ नळीसारखी होती. नव्या यानात ती पुढच्या तोंडाशी चांगलीच फुगलेली आणि मागे निमुळती होत गेलेली आहेत. म्हणजे रचना तीच आणि घडण नवी. तेव्हा ‘पुनर्रचना’ हा शब्द येथे नुसता रुक्ष नाही, तर अर्थानेही चुकीचा ठरतो.

‘नूतनीकरण’ हा शब्द राखून ठेवावा, कारण या मालिकेच्या इतिहासात त्याला त्याची स्वतःची जागा आहे. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात एंटरप्राइझ बदललेले दिसते, पण तेथे ते तेच यान असल्याचे कथा सांगते. अठरा महिने यानाचे नवे आरेखन आणि नूतनीकरण करण्यात गेले असताना आता बारा तासांत ते सज्ज कसे करायचे, अशी तक्रार यानाचा मुख्य अभियंता स्कॉटी करतो, आणि हे यान जवळजवळ संपूर्ण नवे असल्याने तुम्हाला त्याची ओळख उरलेली नाही, असे यानाचा तोवरचा कर्णधार डेकर कर्कला तोंडावर सुनावतो. पडद्यावर दिसणाऱ्या बदलाची जबाबदारी येथे कथेने स्वतःवर घेतलेली आहे. आरमारी गोद्यांमध्ये ज्याला ‘रिफिट’ म्हणतात ते हेच. रशियाकडून घेतलेल्या जहाजावर सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत काही वर्षे काम होऊन २०१३ साली ते ‘विक्रमादित्य’ म्हणून आपल्या आरमारात आले, तेव्हा मराठी वाचकाला ‘नूतनीकरण’ म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

२००९ च्या यानाला मात्र हा शब्द लागू पडत नाही. त्या कथेत भविष्यातून आलेले ‘नराडा’ हे जहाज २२३३ साली ‘केल्व्हिन’ या यानावर हल्ला करते, तेथून इतिहासाला वेगळे वळण लागते, आणि त्या वेगळ्या इतिहासात एंटरप्राइझ मुळातच निराळे बांधले जाते. जुने यान दुरुस्त होऊन आलेले नाही. नाव तेच आहे, एनसीसी-१७०१ हा क्रमांकही तोच आहे, यान मात्र दुसरे आहे. यासाठी आपल्याकडे अगदी नेमके उदाहरण आहे. १९६१ ते १९९७ आरमारात असलेली आणि पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिलेली ‘विक्रांत’ मोडीत निघाली; २०२२ साली कोचीत दाखल झालेल्या युद्धनौकेला तेच नाव आणि आर-११ हा तोच क्रमांक मिळाला. तिच्याविषयी ‘विक्रांतचे नूतनीकरण झाले’ असे कोणी म्हणाले नाही, ‘नवी विक्रांत’ असेच सगळे म्हणाले.

म्हणून माझी शिफारस अशी की १९७९ साठी ‘नूतनीकरण’ घ्यावे आणि २००९ साठी कथेविषयी बोलताना ‘नवे एंटरप्राइझ’, तर चित्रकारांच्या कामाविषयी बोलताना ‘यानाची नवी घडण’ असे म्हणावे. हा काटेकोरपणा केवळ भाषेच्या हौसेचा नाही. जो चाहता ‘यानाचे रूप बिघडवले’ म्हणतो त्याच्या दृष्टीने यान एकच आहे आणि निर्मात्यांनी त्याला हात लावलेला आहे. जो ‘हे वेगळ्या इतिहासातील वेगळे यान आहे’ म्हणतो त्याच्या दृष्टीने जुन्या यानाला कोणी बोटही लावलेले नाही. लेखकाने कोणता शब्द निवडला यावरून तो कोणत्या बाजूला बसला ते वाचकाला कळते, आणि ‘रीडिझाइन’ या शब्दाखाली ही बाजू झाकली जाते.

दुसरे मत

वरील विवेचन पटण्यासारखे असले, तरी ‘घडण’ या शब्दाबद्दल एक शंका नोंदवतो. सराफाकडे दागिना मोडून नवी घडण करतात तेव्हा सोने तेच असते. ‘यानाची नवी घडण’ म्हटल्यावर जुन्याच सोन्याची आठवण होणार, म्हणजे ‘नूतनीकरण’ मागच्या दाराने परत येणार.

शिवाय बहुतेक चाहत्यांचा राग कथेतील कारणापर्यंत पोहोचलेलाच नव्हता. त्यांचे आक्षेप थेट डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर होते. पांढऱ्याशुभ्र, लखलखत्या नियंत्रणकक्षाला ‘ॲपलचे दुकान’ म्हणून हिणवले गेले. इंजिनकक्षाचे चित्रीकरण लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस येथील बडवायझरच्या बिअर कारखान्यात झाले, आणि तेथील टाक्या व नळांची जाळी पाहून तेविसाव्या शतकात दारूची भट्टी कशी आली, असे लोक विचारू लागले. तिसरा वाद आकाराचा होता. मूळ यानाची लांबी २८९ मीटर मानली जाते, तर नव्याची अधिकृतपणे ७२५ मीटर सांगितली गेली. मग खिडक्यांच्या ओळी मोजून मजले किती बसतील याचे हिशेब मांडले गेले. (हे हिशेब मी आवडीने वाचले आहेत, पण त्यांतून मराठी शब्द निघत नाही.) या सर्व आक्षेपांसाठी ‘यानाचे रूप बदलले’ एवढे साधे वाक्य पुरेसे आहे. ‘रूपडे पालटले’ असेही म्हणता येईल, मात्र ‘रूपडे’ या शब्दात लाड आहे आणि रागावलेल्या चाहत्याच्या तोंडी तो शोभणार नाही.

पहिल्या उत्तरदात्याचा खुलासा

सोन्याची शंका मला ‘घडण’च्या बाजूचीच वाटते. नाव, क्रमांक, कर्णधार आणि तबकडी-नॅसेलची ठेवण हेच येथले सोने आहे. ते टिकवूनच चित्रकारांना काम करावे लागले. ‘रूप बदलले’ हेही चालेल, परंतु त्यात बदल कोणी केला ते अध्याहृत राहते.

पात्रांविषयी एक मत

यानाची चर्चा पुरेशी झाली आहे, पण प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तसाच राहिला. पात्रांच्या बाबतीत मराठीला इंग्रजीपेक्षा अधिक सोय आहे, कारण आपल्याकडे ‘भूमिका’, ‘पात्र’ आणि ‘व्यक्तिरेखा’ हे तीन शब्द वेगळे वापरता येतात. स्पॉकच्या भूमिकेत लिओनार्ड निमॉय यांच्या जागी झॅकरी क्विंटो आले, तेव्हा बदलला तो भूमिका करणारा नट. आपल्या रंगभूमीवर जुने नाटक ‘नव्या संचात’ आल्याची जाहिरात होते आणि पात्रे बदलली असे त्यातून कोणी समजत नाही. २००९ च्या चित्रपटाचा तेवढा भाग ‘नव्या संचात’ या शब्दांत चपखल बसतो.

यापुढची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. स्पॉकचे रूप मुळीच बदललेले नाही. टोकदार कान, वर चढलेल्या भुवया आणि कपाळावर सरळ कापलेले केस सगळे जागच्या जागी आहे. बदलली आहे ती व्यक्तिरेखा, कारण या स्पॉकने आपला ग्रह आणि आई गमावली आहे आणि उहुराशी त्याचे प्रेमसंबंध आहेत. कर्कचेही तसेच: त्याच्या जन्माच्याच वेळी वडील ‘केल्व्हिन’वर मारले गेल्याने हा कर्क पोरका आणि बेफाम वाढला. त्यामुळे यानासाठी योजलेला ‘रूप’ हा शब्द या दोघांना लावता येणार नाही. तेथे ‘व्यक्तिरेखेची नवी मांडणी’ म्हणावे. त्यातच स्वतः निमॉय याच चित्रपटात मूळ स्पॉक म्हणून येतात, म्हणजे एकाच प्रसंगात दोन स्पॉक समोरासमोर उभे राहतात. त्यांना ‘थोरला स्पॉक’ आणि ‘धाकटा स्पॉक’ म्हणण्यात काहीच अडचण नाही. दोन माधवरावांना वेगळे ओळखण्यासाठी आपण ‘थोरले’ आणि ‘सवाई’ म्हणतोच.

मालिकेतील क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचे उदाहरण याच्या नेमके विरुद्ध आहे. १९६० च्या दशकातील क्लिंगॉनांचे कपाळ सपाट होते, १९७९ पासून त्यावर उंचवटे आले, आणि कथेने त्याविषयी दीर्घकाळ मौन पाळले. १९९६ च्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला याबद्दल विचारले असता, आम्ही परक्यांशी या विषयावर बोलत नाही, असे तो सांगतो. कारण दिले गेले ते २००५ साली, जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या रोगाचे. २०१७ च्या मालिकेत पुन्हा नवे, केस नसलेले क्लिंगॉन आले. येथे व्यक्तिरेखा, म्हणजे शौर्य, सूड आणि मानापमान यांवर चालणारी ती जमात, तशीच राहिली आणि केवळ रूप बदलले, म्हणून ‘रूपबदल’ हाच शब्द घ्यावा.

राहिला खान हा खलनायक. १९६७ च्या भागात तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा असा उल्लेख येतो. भूमिका केली होती मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान यांनी. २०१३ च्या चित्रपटात ती इंग्रज नट बेनेडिक्ट कंबरबॅच यांच्याकडे गेली. या निवडीवर झालेली टीका नट बदलल्याची नव्हती. नावातला ‘नूनियन सिंग’ पडद्यावरच्या माणसात कोठेच दिसेना, ही होती. त्याला ‘नव्या संचात’ म्हणून सोडून दिले, तर टीकाकारांचा मुद्दाच हरवेल.

आणखी एक प्रश्न

लेखात ‘एंटरप्राइझ’चे लिंग कोणते ठेवावे? चित्रपटात कर्क आणि स्कॉटी यानाचा उल्लेख स्त्रीलिंगी करतात.

उत्तर

आपल्या स्वतःच्या वाक्यांत नपुंसकलिंग ठेवावे, कारण मनात ‘यान’ किंवा ‘जहाज’ असते. ‘विक्रांत’ स्त्रीलिंगी होते ती ‘नौका’ या शब्दामुळे, जिव्हाळ्यामुळे नव्हे. स्कॉटीचे संवाद मराठीत देताना मात्र ‘ती अजून तयार नाही’ असेच राहू द्यावे. तो यानाविषयी बोलत असला, तरी घरातल्या माणसाविषयी बोलावे तसा बोलतो.