भारतातून आणलेली पुस्तकं आणि विकत घेतलेले ई-अंक इथे अमेरिकेत दुसऱ्याला देता येतात का?

कपाटवाली:
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकाच धाग्यात टाकतेय. माझा भाचा इथे टेक्सासला एमएस करायला आला तेव्हा अप्पा बळवंत चौकातून इंजिनिअरिंगची सतरा-अठरा पुस्तकं बॅगेत कोंबून घेऊन आला, सगळ्या भारतीय आवृत्त्या, पातळ कागद आणि मुखपृष्ठावर ठसठशीत पट्टी की विक्री फक्त भारत, नेपाळ, श्रीलंका वगैरे देशांत, बाहेर न्यायची नाहीत. आता डिग्री झाली, तो ती ज्युनिअर पोरांना विकायला निघालाय आणि रूममेटने घाबरवून ठेवलंय की केस होईल.

दुसरं माझं स्वतःचं. आमच्या मंडळाची छोटी लायब्ररी मी सांभाळते, एक कपाट पुस्तकं आणि खाली दिवाळी अंक. हल्ली अंकाच्या किमतीपेक्षा टपालच जास्त पडतं, म्हणून या वेळी सहा अंकांच्या पीडीएफ घेतल्या, रीतसर पैसे भरून. छापील अंक जसा घरोघरी फिरतो तशाच या ग्रुपवर टाकल्या तर चालेल ना? ग्रुपमध्ये ११० जण आहेत.

कलमबहाद्दर:
ताई, पुस्तकांचं काम सोपं आहे, भाच्याला सांगा बिनधास्त विक. अगदी हीच केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली होती. सुपाप कर्टसँग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता, तो तिकडच्या घरच्यांकडून आणि मित्रांकडून स्वस्त आवृत्त्या मागवायचा आणि इथे ईबेवर विकायचा. वायली या प्रकाशकाने खेचलं कोर्टात, ज्युरीने आठ पुस्तकांचे मिळून ६ लाख डॉलर भरायला सांगितले, पण २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल त्याच्या बाजूने दिला. इथल्या कॉपीराइट कायद्यात कलम ६०२ प्रमाणे आयातीचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे आहे हे खरं, पण तो वितरणाच्या हक्काचाच एक भाग, आणि वितरणाचा हक्क ती कायदेशीर प्रत एकदा विकली की त्या प्रतीपुरता संपतो. प्रत छापली पुण्यात की न्यूयॉर्कात, फरक पडत नाही. फक्त गठ्ठ्यात स्पायरल मारलेली झेरॉक्स असेल तर ती बाजूला काढा, ती कायदेशीर प्रत धरतीलच असं नाही.

भारतात मात्र उलटी बाजू आहे. १९८४ मध्ये पेंग्विन या प्रकाशकाच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की भारताचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याला डावलून अमेरिकन आवृत्त्या आणून विकणं म्हणजे उल्लंघन. स्वतःच्या घरगुती वापरासाठी एक प्रत आणता येते, ती सूट कलम ५१ मध्येच लिहिलीय. २०१२ च्या दुरुस्तीत हे मोकळं करायचं घाटत होतं पण ते कलम शेवटी गाळलं, मला ते आजही खटकतं, स्वस्त पुस्तकाची सगळ्यात जास्त गरज आपल्याच पोरांना आहे.

पीडीएफ मात्र ग्रुपवर टाकू नका. छापील अंक तुम्ही जोशीकाकूंना दिलात की तुमच्या कपाटात जागा रिकामी होते. पीडीएफ पाठवली की तुमची तुमच्याकडेच राहते आणि ११० नव्या प्रती तयार होतात, आणि नवी प्रत काढायचा हक्क अंक विकला तरी संपत नाही. भारताच्या कायद्यात तर हे वितरणात धरतच नाहीत, त्याला लोकांपर्यंत पोचवणं असा वेगळा हक्क आहे आणि तो एका विक्रीने संपतो असं कुठेच म्हटलेलं नाही.

कपाटवाली:
बरं, मग मी पाठवून माझ्याकडची डिलीट केली तर? पुढचा वाचून झाला की तोही डिलीट करेल, एका वेळी एकच वाचक. आणि फाइल पुण्याच्या सर्व्हरवरून इथे उतरवली ही आयात झाली का?

कलमबहाद्दर:
डिलीटवाली आयडिया रीडिजी नावाच्या कंपनीने करून बघितली, आयट्यून्सची जुनी गाणी विकायची आणि विकणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरून पुसायची. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने नाही म्हटलं, कारण पाठवताना समोरच्याकडे नवी प्रत बनतेच, जुनी पुसली म्हणून ती जुनी ठरत नाही. युरोपात सॉफ्टवेअरला २०१२ मध्ये वापरलेलं विकायची परवानगी मिळाली पण ई-बुकला २०१९ मध्ये तिथेही नकार.

आयातीचं म्हणाल तर मजेदार केस आहे, पाकिस्तानात दातांचे डिजिटल मॉडेल बनवून टेक्सासला नेटवरून पाठवायचे, तर २०१५ मध्ये कोर्ट म्हणालं की आयात अडवणाऱ्या अमेरिकेच्या व्यापार आयोगाला फक्त हातात धरता येतील अशा वस्तू अडवता येतात, नुसता डेटा नाही. ती पेटंटची भानगड होती, कॉपीराइटची नाही, पण तुम्हाला त्यात शिरायचीच गरज नाही. प्रकाशकाने स्वतःच तुम्हाला उतरवून घ्यायला दिलीय, प्रश्न पुढे पाठवण्याचा आहे.

रोखठोक_नाशिक:
मला हे पटतच नाही. पूर्ण पैसे घेता, बटणावर विकत घ्या लिहिता आणि नंतर सांगता वस्तू तुझी नाही, फक्त वाचायची परवानगी. मग तसं लिहा ना! कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की नुसतं लायसन्स देत असाल तर विकताना ते स्पष्ट सांगा. आमच्या आजोबांचे अंक तीन घरांत फिरून रद्दीत गेले, कुणी उल्लंघन म्हटलं नाही.

दिवाळीची_घाई:
मी एका छोट्या अंकाच्या संपादनात आहे म्हणून आमची बाजू सांगते. फिरणाऱ्या छापील अंकाबद्दल कधीच तक्रार नाही, उलट आनंदच. पण आम्ही पीडीएफच्या प्रत्येक पानाखाली घेणाऱ्याचा फोन नंबर बारीक अक्षरात टाकतो, आणि मागच्या वर्षी भाऊबीजेला आमचाच अंक माझ्या मावससासूबाईंनी मला फॉरवर्ड केला, वर तो दोन बाणांचा खूप वेळा फॉरवर्ड झाल्याचा शिक्का आणि नंबरवर कुणीतरी प्रत्येक पानाला पांढरी पट्टी चिकटवलेली, १९२ पानं! तेवढ्या मेहनतीत तो माणूस आम्हाला फोन करू शकला असता हो. त्या वर्षी तीन लेखकांचं मानधन आम्ही संक्रांतीनंतर दिलं. आणि आमच्याकडेही लेखकांकडून अंकापुरतीच परवानगी असते, ११० जणांना वाटायची मुभा आम्ही एकट्याने देऊच शकत नाही. ताई, संपादकांना मेल टाका, मंडळांसाठी वेगळा दर करून देणारे बरेच आहेत, लेखकांना विचारून आम्हीही देतो.

कलमबहाद्दर:
आणि ताई, एक वाट आहे. रीडिजीच्याच निकालात कोर्टाने मान्य केलंय की फाइल ज्या उपकरणात आधी कायदेशीर उतरली ते उपकरण पुढे विकता येतं, तिथे नवी प्रत बनत नाही. त्याच न्यायाने मंडळाचा एखादा जुना टॅब घ्या, अंक परत त्यातच डाउनलोड करा आणि टॅबच घरोघरी द्या, रजिस्टरमध्ये सही घेऊन. आधी विकत घेतानाच्या अटी मात्र वाचा, काही जण एकाच व्यक्तीला असं लिहितात.

कपाटवाली:
अटी उघडून वाचल्या. सहातल्या चार जणांनी काहीच लिहिलेलं नाही, दोघांनी फक्त वैयक्तिक वापर लिहिलंय, त्या दोघांना आत्ताच मेल केली. आमच्या देशपांडेकाकांकडे टॅब पडून आहे, चार्जर शोधतायत. भाच्याच्या गठ्ठ्यात स्पायरलवाली दोन निघाली, ती ठेवून बाकीच्यांचे फोटो काढायला बसलाय, पट्टीसकट.