विषय: गोवंडीची अंगणवाडी – यंदा शिबिर नको

मंडळी, नमस्कार.

आईच्या आजारपणामुळे मी सध्या मुंबईत आहे. गेल्या वर्षी आपल्या मंडळाने गोवंडीतल्या ज्या अंगणवाडीत दंततपासणी शिबिर घेतलं होतं, तिथे काल जाऊन आले.

माझ्या शेजारी एक साडेचार वर्षांचा मुलगा खिचडी खात होता. वरचे पुढचे चारही दात किडून नुसते तपकिरी खुंट उरलेत. घास एका गालात सरकवायचा, तोंड वाकडं करत तिथेच घोळवायचा आणि मऊ झाला की गिळायचा. बाकीची मुलं हात धुऊन आली तरी याची निम्मी ताटली तशीच. आई म्हणाली, "दुधाचेच दात ताई, पडणारच आहेत." रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच तो झोपायचा, हेही तिनेच सांगितलं. तिला दोष देववत नाही. चार घरची धुणीभांडी करून आल्यावर पोर शांत झोपावं, एवढंच तिला हवं होतं.

आपण दिलेला ब्रश आता तीन भावंडांत मिळून आहे. पेस्ट कधीच संपली. शिबिरात कार्डावर 'कीड आहे' असं लिहून दिलं होतं, ते तिने जपून ठेवलंय. पण ते घेऊन जायचं कुठे, हे आपण तिला सांगितलंच नाही. मला फार वाईट वाटलं.

आपल्याकडे स्कॉटलंडमध्ये नर्सरीत मुलांकडून रोज दात घासून घेतात, आपली मुलं त्यातूनच गेली. यंदा शिबिराऐवजी तेच इथे करूया. सेविकाताई तयार आहेत, त्यांना काळजी फक्त पाण्याची. नळ सकाळी थोडा वेळच येतो, मग दिवसभर एका पिंपावर भागवायचं. डॉक्टरकाका, कसं जमवायचं?

---

विषय: रि: गोवंडीची अंगणवाडी

ताई, पाणी जवळजवळ लागतच नाही. घासून झालं की फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. पेस्टमधलं फ्लोराइड कीड रोखतं, ते दातांवर राहिलं तरच उपयोग. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. ट्यूबवर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलंय ना ते बघूनच घ्या. मुलांच्या म्हणून मिळणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. ब्रश उभे ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. नावं वाचता येत नाहीत, तेव्हा प्रत्येकावर चित्र चिकटवा: आंबा, पोपट, रिक्षा.

"पडणारच आहेत" हे मी चाळीस वर्षं ऐकतोय. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामाला लागतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पक्की दाढ येते, तीही एकही दात न पडता. आया तिलाही दुधाचीच समजतात. ती किडली तर पुन्हा येत नाही. आयांना जमवून हे आरशात दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

मुलाला आधी दाखवायला हवं, दुखत असणार. सीएसएमटीजवळच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग आहे. गोवंडीहून हार्बर लाइनने थेट सीएसएमटी, गाडी बदलायला नको. पण आईला एकटीला पाठवू नका. केसपेपर, रांग, पुढची तारीख यातच माणसं कंटाळून परत फिरतात. कोणीतरी सोबत जा.

---

विषय: रि: रि: गोवंडीची अंगणवाडी

पैशांबद्दल: मंडळाच्या खात्यातून थेट पाठवता येणार नाहीत. परदेशी संस्थेचा निधी घ्यायला तिकडच्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखालची, नोंदणी लागते. ताई, गोवंडीत काम करणारी अशी नोंदणीकृत संस्था सापडली तर कळवा, वर्षभराच्या ब्रश-पेस्टचा ठराव पुढच्याच बैठकीत मांडतो.
– कोषाध्यक्ष

---

विषय: रि: रि: रि: गोवंडीची अंगणवाडी

काका, सोमवारी एका घरचं काम सोडून त्या मुलाची आई येतेय. सकाळी आठला गोवंडी स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी भेटायचं ठरलंय. कार्ड बरोबर आणायला सांगितलंय. संस्थेचं सेविकाताईंना विचारते.