घरचा लिनक्स सर्व्हर बाहेरून कसा गाठता? सोलापूरकरांनो, अनुभव लिहा

पोरं पुण्यात नोकरीला आणि मशीन सोलापुरात टीव्हीच्या कपाटाखाली, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. कुणाचा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), कुणाचा जुना डेस्कटॉप डेबियन लिनक्स टाकून ठेवलेला. तो बाहेरून उघडायचा म्हटलं की फायरवॉल आडवी येते. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चालू आहे ते सांगा. पुस्तकी नको.

जुळे सोलापूर
आधी एक तपासा, नाहीतर सगळा रविवार राउटरच्या पानावर जाईल. राउटर स्वतःचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) काय दाखवतो आणि बाहेरची वेबसाइट तुमचा आयपी काय सांगते? दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरनं घरच्या मशीनकडे वळवणं) चालेल. राउटरवरचा पत्ता 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सामाईक पत्त्याच्या, मागे आहात. हा पट्टा 2012 साली याच कामासाठी राखून ठेवलाय. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, अडवणारा दरवाजा कंपनीच्या ताब्यात. मी महिन्याला जादा पैसे भरून स्थिर आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) घेतला. तो मिळेपर्यंत ‘साहेब जेवायला गेलेत’ हे वाक्य पाठ झालं.

अशोक चौक, यंत्रमागवाला
आमचं मशीन कारखान्यात आहे, टॉवेलचा हिशोब त्यावरच. स्थिर आयपी आमच्या लाइनवर देतच नाहीत. पुतण्यानं उलटा बोगदा काढून दिला. भाड्याचा छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) घेतला. कारखान्यातलं मशीन स्वतःहून त्याला एसएसएच (दुरून लॉगिन करायची सुरक्षित जोडणी) करतं आणि तिथलं एक पोर्ट आमच्या 22 नंबरला, म्हणजे एसएसएचच्या पोर्टला, जोडतं. आतून बाहेर जाणाऱ्याला फायरवॉल अडवत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. ते पोर्ट व्हीपीएसच्या बाहेर दिसत नाही. आधी व्हीपीएसवर लॉगिन, मग तिथून कारखान्यात. पुतण्या म्हणतो, तसंच राहू दे.

लाइन तुटली की बोगदा मरतो, म्हणून ऑटोएसएसएच (तुटलेला बोगदा पुन्हा जोडणारं) सिस्टिमडीमध्ये (मशीनबरोबर आपोआप चालू होणाऱ्या सेवांत) टाकलंय. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानावर) ‘वीज आली की चालू हो’ ही सेटिंग करून घ्या. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली तर बटण दाबायला कोण जाणार? आणि पंखा उघडून बघत चला, आमच्याकडे सुताची तूस आत जाऊन गोधडी होते.

होटगी रोड
काका, व्हीपीएस आहेच तर त्यावर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे मशीनमधला खासगी बोगदा) टाका की. 2020 पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, 5.6 पासून. सहसा यूडीपी 51820 वर चालतं आणि ओळखीची किल्ली (पासवर्डऐवजी लागणारा लांब गुप्त आकडा) नसेल तर उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट शोधत फिरणाऱ्यांना तिथं काही आहे हेच कळत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) 25 सेकंद ठेवा. मधला नॅट (राउटरमधला पत्ते बदलणारा भाग) शांत जोडणी विसरून जातो, मग बाहेरून हाका मारत बसायचं.

अजून एक. पुण्याच्या रूमवरचं नेटवर्क 192.168.1 आणि घरचंही तेच असेल तर जोडणी होऊनही घरचं मशीन सापडत नाही. घरचा पट्टा बदला. मी 192.168.37 घेतला, तो कुणाच्याच घरी नसतो बे.

विजापूर रोड
मला एवढं जमत नाही आणि शिकायचंही नाही. बाबांच्या जुन्या फोटोंचा साठा घरच्या मशीनवर आहे, तो हैदराबादला ताईला दिसायला हवा होता. टेलस्केल हे तयार अ‍ॅप टाकलं, दोन्हीकडे एकाच खात्यानं लॉगिन, काम झालं. राउटरला हातही लावला नाही. आत वायरगार्डच आहे म्हणे. थेट रस्ता सापडला नाही तर ते मधल्या सर्व्हरवरून फिरवून नेतं, तेव्हा फोटो रांगत येतात. किल्लीची मुदत मात्र आपोआप 180 दिवसांची असते. सर्व्हरसाठी ती बंद करून ठेवा, नाहीतर नेमकं सणाला सगळं बंद पडायचं.

साखर पेठ
आयपीव्ही6 (नवी पत्तेपद्धत, प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता) बघितलं का कुणी? मिळत असेल तर नॅटची कटकटच नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढं एक पोर्ट मोकळं करायचं. अट एवढीच, तुम्ही बसलाय तिथंही आयपीव्ही6 हवं.

जुळे सोलापूर
थेट पोर्ट उघडणाऱ्यांनी लॉग बघा. रूट, अ‍ॅडमिन अशी नावं लावून जगभरातून दार ठोठावणं चालूच असतं. पासवर्ड लॉगिन बंद, फक्त किल्ली. फेल2बॅन (पुन्हा पुन्हा चुकणाऱ्याला अडवणारं) आहे माझ्याकडे, पण खरं काम किल्लीच करते.

होटगी रोड
आणि पुण्यात बसून यूएफडब्ल्यू (लिनक्सवरची फायरवॉल) चालू करणार असाल तर आधी एसएसएचला परवानगी, मग चालू. त्याआधी ‘अ‍ॅट’ कमांडनं दहा मिनिटांनी फायरवॉल बंद करायचं काम लावून ठेवा. सगळं नीट राहिलं तर ते काम रद्द करा. बाहेर अडकलात तर दहा मिनिटं थांबा. नाहीतर आईला फोन करून कीबोर्ड जोडायला सांगावं लागतं, आणि ती आधी जेवलास का विचारते.