सगळे प्रश्न माझ्याच गळ्यात का पडतात?

शीटवाली_ताई: एक्सेल शिकणाऱ्यांचा आमचा ऑनलाइन ग्रुप आहे, 340 जणांचा. तीन वर्षं मी तो सांभाळतेय. कुणी अडलं की हातचं काम टाकून उत्तर देते. काल रात्री अकराला एकीने विचारलं, 'व्हीलूकअप लावलंय, नाव यादीत दिसतंय, तरी #एन/ए येतंय.' (व्हीलूकअप म्हणजे यादीत नाव शोधून त्याची माहिती आणणारं सूत्र, #एन/ए म्हणजे 'सापडलं नाही'.) मी मुद्दाम गप्प राहिले. शंभरावर लोकांनी वाचलं, उत्तर एकाचंही नाही. त्यातल्या पंधरा-वीस जणांना तरी हे येतं, मीच शिकवलंय! शेवटी साडेबाराला मीच लिहिलं: नावाच्या शेवटी मोकळी जागा राहिलीय, ती काढणारं ट्रिम सूत्र वापरा. माणसं चांगली आहेत हो सगळी. मग एकमेकांना हात का देत नाहीत?

जुना_सभासद: 'ताई आहेतच' ही सवय लागलीय त्यांना. त्यात भर गर्दीची. 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. इंटरकॉमवर कुणाला तरी फिटचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक झटका संपायच्या आत मदतीला धावले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त 31 टक्के. तुमच्याकडे तर साडेतीनशे! 'कुणी सांगेल का' असं मोघम विचारू नका, नाव घ्या.

नुसती_वाचणारी: नाव घ्या, पण आधी खासगीत विचारा. मी एका ग्रुपमध्ये दीड वर्ष गप्प होते. उत्तरं मला यायची, पण चुकलं तर चारचौघांत शोभा होईल याची धास्ती. एकदा ग्रुप चालवणाऱ्या बाईंचा वेगळा मेसेज आला, 'पिव्होट टेबलचं (सारांश काढणाऱ्या तक्त्याचं) हेच तुम्ही परवा सोडवलंत ना? यांना सांगाल?' चार ओळी लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. त्यात तक्ता रिफ्रेश, म्हणजे ताजा करायचं सांगायचं राहिलं. बाईंनी चूक न म्हणता खाली तेवढीच एक ओळ जोडली. मग विचारणाऱ्याचं 'जमलं!' आलं. त्या एका शब्दासाठी मी आजही उत्तरं लिहिते.

शीटवाली_ताई: आज आणखी एकाचं तसंच अडलं. कालच्या ट्रिमवाल्या बाईंना खासगीत म्हटलं, 'तुमचंच दुखणं आहे, सांगता का?' दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या शीटचा स्क्रीनशॉट टाकला, मोकळ्या जागेभोवती लाल गोल काढून. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही.