अनुभव धागा: रेकॉर्ड की सीडी? आपल्या खानदेशातल्या उन्हात तुमचं काय झालं?

जळगावकर (धागा माझाच)

मागच्या रविवारी दुपारी वरच्या खोलीत गेलो तर किशोरच्या एलपीचं, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्डचं, बिबडं झालेलं. खाटेवर वाळायला टाकलेल्या बिबड्याच्या कडा कशा वर येतात, अगदी तशी. चूक माझीच, खिडकीला टेकवून ठेवली, पडदा नाही, बाहेर ४४ आणि काचेतून ऊन थेट तिच्यावर. प्लेअरवर लावली तर सुई बोटीत बसल्यासारखी वरखाली, आणि किशोर मधूनच रडवेला. बायको म्हणे, "तरी सांगत होते, ती हौस पुण्यात राहणाऱ्यांनी करायची."

तर त्या रागात हा धागा काढतोय. नेटवर बघावं तिथे रेकॉर्डचा 'उबदार आवाज', 'उबदार आवाज' चालू असतं. अहो आपल्याकडे ऊब फुकट आहे, पाहिजे तेवढी घेऊन जा. मला विचारायचंय ते वेगळंच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे रेकॉर्ड पहिल्यांदा कुठे ऐकलीत, घरी होती का, आणि सीडी आल्यावर खरंच काही फरक वाटला का? ज्ञान नको, अनुभव सांगा. (ज्ञान येणारच, मला माहितीये. येऊ द्या.)

साक्रीवाला

घरी? घरी कुणाच्याच नव्हती भो. आमच्या आप्पांचा लाउडस्पीकरचा धंदा होता, म्हणजे लग्न, जत्रा, सप्ता, निवडणूक, काही असो. दोन भोंगे, एक आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, ट्रॅक्टरची बॅटरी, एक प्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत साठ-सत्तर रेकॉर्ड. हळदीच्या आदल्या दिवशी बैलगाडीतून जायचो, पेटीच्या खाली-वर गोधडी, आणि मी पेटीवर हात ठेवून बसायचो, रस्ता असा की दात वाजायचे. एक भोंगा लिंबावर, दुसरा शाळेच्या पत्र्यावर, आणि तोंडं मुद्दाम शेजारच्या गावांकडे, म्हणजे पुढची सुपारी तिकडून आली पाहिजे. त्यामुळे रेकॉर्डचा आवाज म्हणजे माझ्यासाठी भोंग्याचाच आवाज, त्यात ऊब-बीब काही नव्हती, सगळं नाकातून. तीन शेतांपलीकडे निंदणाऱ्या बायांना मात्र शब्द न् शब्द कळायचा.

पिन ठेवायचं काम आठवीपासून माझ्याकडे. आप्पा पिन बदलायचे नाहीत, आवाज चिरका झाला तरी म्हणायचे अजून एक लग्न निघतं. बोथट पिनने खाच खरवडून खरवडून एका रेकॉर्डची एक बाजू काळ्याची राखाडी झाली होती. आणि कुठल्याही बाजूचं शेवटचं गाणं फाटायचंच. मला वाटायचं चार गाणी म्हणून बाई दमली असेल. हसू नका, लहान होतो. पुढे कधीतरी डोक्यात उजेड पडला, की ताटली तर मिनिटाला ३३ च फेरे मारते, बाहेर पण आणि आत पण, पण आतलं वर्तुळ लहान, म्हणजे तेवढ्याच वेळात सुईखालून खाच कमी सरकते आणि त्या कमी जागेत सगळा आवाज कोंबलेला. मग बोथट पिन तिथे काय वाचणार, कप्पाळ.

सगळ्यात जास्त मागणी कशाला होती सांगू? शोलेच्या डायलॉगच्या रेकॉर्डला. गाण्यांची नाही, नुसते डायलॉग. नवरदेव पारावर येऊन उभा आणि मंडपातली माणसं गब्बर ऐकत बसलेली, वरबाप येऊन आप्पांना शिव्या देतोय. बॅटरी उतरत आली की गब्बरचा आवाज आणखी जड व्हायचा. लोकांना वाटायचं असंच आहे. गाण्यात मात्र लगेच पकडायचे, लताबाईंचा आवाज बाप्यासारखा झाला की चारी बाजूंनी आरोळी, "ए भो, चावी दे!" चावी देऊन चालवायचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, जाऊन वीस वर्षं झाली होती, आरोळी तीच.

सीडी मी धुळ्यात एका दुकानात ऐकली, ९७ का ९८ साल. दुकानदाराने हेडफोन कानाला लावला आणि मी दचकलो. गाणं सुरू व्हायच्या आधी बाई श्वास घेते तो ऐकू आला. भोंग्यातून श्वास कधी आला नव्हता हो. इतक्या वर्षांत तीच गाणी हजारदा वाजवली आणि श्वास पहिल्यांदा. हेडफोन काढला तर दुकानातली बाकी माणसं आपापल्या कामात, कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. ते जरा विचित्रच वाटलं.

भुसावळकर काका

साक्रीवाल्यांनी भारी लिहिलंय. मी रेल्वेतून रिटायर, आणि मी या धाग्यावर सीडीच्या बाजूने बोलणार, शिव्या द्यायच्या तर द्या.

आमच्याकडे एचएमव्हीची फिएस्टा होती, सुटकेससारखी मिटणारी, सेलवर पण चालायची. क्वार्टर लाइनीपासून शंभर पावलांवर. मालगाडी निघाली की जमीन हलायची आणि पिन उडी मारायची, कधी पुढच्या ओळीत, कधी मागच्या, आणि मागच्या ओळीत गेली की तेच ते, तेच ते. आपण माणसाला म्हणतो ना 'याची पिन अडकली', आमच्याकडे ती रोज खरोखर अडकायची. मग मी इलाज काढला. गोधडीची चार पदरी घडी, तिच्यावर शहाबादी फरशीचा तुकडा, त्यावर फिएस्टा. धक्का गोधडीत मुरायचा आणि फरशीच्या वजनाने वरचं हलायचं नाही. नंतर कळलं की लोक याच कामासाठी हजारो रुपयांचे स्टँड घेतात, म्हटलं घ्या बापडे.

पण मला नाद शास्त्रीयचा. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं. बुवांचा विलंबित रंगात आलाय, आता पुढे द्रुत सुरू होणार, की सुई आतल्या लेबलापाशी जाऊन खर्र खर्र. उठा, उलटा, पुसा, ठेवा. तोवर तुमचं मन खाली उतरलेलं असतं. त्याच्याही आधी ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे मारणारी तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात राग उभा केला हे त्यांचं मोठेपण, तबकडीचं नाही. सीडीवर ७४ मिनिटं बसतात. भीमसेनजींची पहिली सीडी लावली तेव्हा गाण्याच्या आधीचा तानपुरा ऐकला, नुसता तानपुरा, मागे खरखर नाही, काही नाही. मी हिला हाक मारून बोलावलं, म्हटलं बस इथे. दोघं एक शब्द न बोलता तासभर बसलो. तेव्हा मला कुणी रेकॉर्डची ऊब दिली असती तर मी घेतली नसती.

शहाद्याची लेक

आमच्याकडे सीड्यांचा उपयोग सांगते. दादांचं सीडीचं दुकान होतं, भाड्याने पिक्चर आणि एमपीथ्रीच्या सीड्या, एकात दीडशे गाणी, त्यातली वीस दोनदा. पेनड्राइव्ह आला आणि दुकान बसलं. मग पप्पांनी उरलेल्या सगळ्या सीड्या सुतळीत ओवून दादरच्या, म्हणजे ज्वारीच्या, शेतात बांधल्या, कणसावर पाखरं येतात म्हणून. वारा सुटला की शेतभर चकचकाट. पहिला आठवडा पाखरं घाबरली, दुसऱ्या आठवड्यात सीडीच्याच दोरीवर बसायला लागली.

रेकॉर्ड मी आयुष्यात हातात धरलेली नाही. धाग्यावर आले कारण नवऱ्याला घ्यायचीये आणि मला त्याला थांबवायला मुद्दे पाहिजेत. जळगावकर भाऊ, बिबड्याचा मुद्दा घेतला.

चोपडेकर ताई

माझा अनुभव वाचून कुणाची तरी रेकॉर्ड वाचली तर बरं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहिते.

२०२० चं लॉकडाउन, घरात बसून बसून माळा आवरायला काढला. केळीच्या खोक्यात जुन्या पेपरमधे गुंडाळलेल्या एकोणीस रेकॉर्ड सापडल्या, सगळ्या ७८ च्या, जड, कुत्रा आणि कर्ण्याचं लेबल. आजोबांच्या. वाजवायला घरात काही नव्हतं, ते फोनोचं खोकं काकांच्या वाटणीत गेलं आणि पुढे भंगारात. पण पप्पा त्या बघून एकदम खाली बसले आणि सांगायला लागले. आजोबांनी फोनो आणला त्या दिवशी पणजी ओट्यावर होती, गाणं सुरू झालं तशी उठली, पेटीला फेरी मारून आली आणि विचारते, "येन्हामा बाई कोठे बठेल शे?" (यात बाई कुठे बसली आहे?) आजोबा मुद्दाम म्हणाले आत. तर तिने संध्याकाळी कर्ण्यापुढे पाण्याचा गडू आणून ठेवला, एवढं गाते, बिचारीला तहान लागली असेल. हे पप्पांनी मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

तर अशा त्या रेकॉर्ड. बुरशीचे पांढरे ठिपके होते. त्या वेळी घरात दुसरं काही नसेल पण सॅनिटायझर लिटरने होता. मी नेटवर कुठेतरी वाचलं की रेकॉर्ड अल्कोहोलने पुसतात. मऊ फडकं घेतलं, सॅनिटायझर ओतला आणि लागले पुसायला. फडकं काळं झालं तर मला वाटलं काय घाण होती बाई! चौदा पुसून झाल्या आणि मग पहिलीकडे बघितलं तर तिची चमक गेलेली, हाताला चिकट, खाचा बुजल्यासारख्या. ती घाण नव्हती, रेकॉर्डच फडक्यावर आली होती.

कळलं कुणाकडून, तर पुढच्या वर्षी दारांना पॉलिश करायला आलेल्या मिस्त्रीकडून. तो लाखेचे पापुद्रे स्पिरीटच्या बाटलीत टाकून ठेवत होता, विचारलं तर म्हणे रात्रभरात विरघळतात ताई. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ७८ ची तबकडी लाखेचीच असते, त्यात दगडाची भुकटी वगैरे घालून. नंतरच्या एलपी व्हिनाइलच्या, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक, त्यांना थोडं अल्कोहोल चालतं, नेटवरचा सल्ला त्यांचा होता. लाखेच्या रेकॉर्डला फक्त पाणी, थोडासा सौम्य साबण, लेबल न भिजवता, आणि लगेच कोरडी करायची.

पाच उरल्यात. पप्पा गेले दोन वर्षांपूर्वी. त्या पाचांत काय आहे हे मी अजून ऐकलेलं नाही.

यावलचा सोल्डरिंगवाला

ताई, वाईट वाटलं. उरलेल्या वाजवाल तेव्हा एक बघा, ७८ ची सुई वेगळी लागते, जाड. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेत तळाला लोळते आणि नुसती खरखर येते. बऱ्याच जुन्या प्लेअरला सुई फिरवायची दांडी असते, एक बाजू ७८ ची, दुसरी एलपीची.

आता ते ज्ञान, धागाकर्त्याची परवानगी आहे म्हणून. सीडीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून लिहिलेला असतो, १६ बिटमध्ये, हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल. चांगल्या रेकॉर्डला ६० ते ७० मिळतं. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल, आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर तो परत वाढवतो. म्हणजे कागदावर सीडी जिंकली, काका बरोबर. पण नव्वदनंतरच्या कितीतरी सीड्यांमध्ये कंपन्यांनी सगळा आवाज दाबून दाबून एकाच पातळीला आणला, आमचं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजलं पाहिजे म्हणून. ती ९६ ची जागा दिली आणि वापरली दहाची. जुन्या एलपीत ढोलकी अंगावर येते आणि सीडीत येत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

जळगावकर

सोल्डरिंगवाले, मान्य, पण आमच्या हॉलमधे मार्च ते जून कूलर चालू असतो. त्या घरघरीत ९६ काय आणि ६० काय.

अमळनेर ते हिंजवडी

मी खरं सांगतो. माझ्याकडे अकरा रेकॉर्ड आहेत, एकेक अडीच-तीन हजारांची, आणि प्लेअर नाही. भिंतीवर लावल्यात. सीडीचं कव्हर हातभर लांबून वाचता येत नाही, हे बारा इंची चित्र आहे. गाणी फोनवर ऐकतो. मी एकटाच येडा नाही, अमेरिकेत २०२२ ला ४१ मिलियन रेकॉर्ड खपल्या आणि सीड्या ३३ मिलियन, १९८७ नंतर पहिल्यांदा रेकॉर्ड पुढे गेली, त्यातल्या कितीतरी अशाच भिंतीवर असणार.

साक्रीवाला

भिंतीवर! आमचे आप्पा असते तर पेटी घेऊन हिंजवडीला आले असते. भाऊ, निदान ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नको, वरचं वाच.

भुसावळकर काका

जळगावकर, तुमच्या बिबड्याचं सांगतो. दोन जाड काचा घ्या, मधे रेकॉर्ड, वर पुस्तकांचा गठ्ठा, आणि घरातल्याच गरमीत दोन-तीन आठवडे पडू द्या. उन्हात नेऊ नका, इस्त्री तर अजिबात नको, खाचा बसतील. पूर्ण सरळ होणार नाही पण सुई टिकेल एवढी होते. माझी एक झाली होती.

आणि चोपडेकर ताई, माझी फिएस्टा अजून चालते. तिला ७८ चा वेग आहे आणि जाड सुई पण शिल्लक आहे. सीडीच्या बाजूचा आहे म्हणून मशीन फेकलेलं नाही. तुम्ही पाचही घेऊन या, सकाळच्या गाडीने या म्हणजे ऊन लागणार नाही. उभ्या धरून आणा, आडव्या एकावर एक नको, मधे पेपर घाला. बारापर्यंत मालगाड्या जरा कमी असतात.

चोपडेकर ताई

काका, येते. गुरुवारी चालेल? येताना भरीत आणते, काकूंना स्वयंपाक करू देऊ नका.