स्विंडनमधील मोटारसायकल 'सॉर्न' करायची आहे. खरे सरकारी संकेतस्थळ कसे ओळखावे?

प्रश्न : म्हार्दोळहून

नमस्कार. माझा मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला नोकरीला आहे. चवथीला तो घरी आला आणि आईच्या आजारपणामुळे आता निदान पुढच्या पावसापर्यंत इथेच राहणार आहे. त्याची मोटारसायकल तिकडे भाड्याच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला झाकून ठेवलेली आहे आणि तिचा टॅक्स दर महिन्याला त्याच्या खात्यातून कापला जातो. गाडी रस्त्यावर वापरात नसल्याचे तिथल्या वाहन खात्याला कळवले की टॅक्स थांबतो, याला 'सॉर्न' म्हणतात, असे त्याच्या मित्राने सांगितले. मुलगा इस्पितळात आईजवळ असल्यामुळे मीच फोनवर शोध घेतला आणि सर्वांत वर आलेला दुवा उघडला. पानावर मुकुटाचे चिन्ह होते, मांडणी सरकारी वाटत होती. गाडीचा क्रमांक, पत्ता आणि माझ्या डेबिट कार्डाचा तपशील भरून झाल्यावर शेवटच्या पानावर ३९ पौंड शुल्क दिसले, तेव्हा शंका येऊन मी ते बंद केले. ओटीपी आला नाही, म्हणजे पैसे गेले नाहीत असे समजावे का? आणि खरे शुल्क किती असते?

उत्तर : डिचोलीहून

काका, आधी कार्डाचे पाहा, बाकीचे नंतर. ओटीपी आला नाही यावर मुळीच विसंबू नका, कारण परदेशी संकेतस्थळांवर आपल्या कार्डाचे व्यवहार पुष्कळदा ओटीपीशिवायच पूर्ण होतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करण्याची सोय असते; ते आत्ताच बंद करा आणि मग बँकेला फोन करून कार्ड रद्द करून नवे मागवा. पैसे गेल्याचे दिसले तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मी बँकेत काउंटरवर बसत असे, म्हणून कळकळीने सांगते : 'उद्या सकाळी शाखेत जाऊन विचारतो' म्हणणाऱ्यांचेच नुकसान जास्त झालेले मी पाहिले आहे.

उत्तर : माशेलहून

मी स्विंडनला बरीच वर्षे होतो आणि स्वतःची गाडी दोनदा सॉर्न केली आहे. त्याला एक पेनीही लागत नाही. तिथले वाहन खाते म्हणजे डीव्हीएलए, आणि ही नोंद जीओव्ही डॉट यूके या एकाच सरकारी संकेतस्थळावर होते. शोधात सर्वांत वर येणारा दुवा बहुधा जाहिरातीचा असतो आणि त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. अशा जागा दोन प्रकारच्या असतात. काही जण फुकट होणाऱ्या कामाचे 'सेवाशुल्क' घेतात आणि आपला सरकारशी संबंध नसल्याचे तळाशी कुठेतरी लिहून ठेवतात. काही जण सरळ कार्डाचा तपशील चोरतात. मुकुट आणि रंग कोणालाही नकलता येतात, म्हणून पाहायचा तो पत्ता. सुरुवातीचे 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन रेघा सोडून पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग 'जीओव्ही डॉट यूके' असाच संपला पाहिजे, आणि 'जीओव्ही'च्या आधी काही असेल तर मध्ये टिंबच हवे. जीओव्ही आणि यूके यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ असेल किंवा यूकेनंतर आणखी 'डॉट कॉम' असेल, तर ती जागा सरकारची नव्हे.

मात्र आपल्या प्रश्नात याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. गाडी रस्त्याच्या कडेला उभी असेल तर ती सॉर्न करता येत नाही. सॉर्न केलेली गाडी गॅरेजमध्ये, अंगणात किंवा खासगी जागेतच असावी लागते. सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी असली तरी तो गुन्हा ठरतो, आणि चालवली तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा टॅक्स आणि विमा चालू आहेत तोवरच मित्राच्या गॅरेजमध्ये ती हलवा. मित्राला ती चालवत नेऊ देऊ नका, कारण मुलाच्या विम्यात त्याचे नाव नसेल, व्हॅनमधून न्यावी.

नोंदीसाठी गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे व्ही-५-सी या नोंदणीच्या कागदावरचा, ११ अंकी क्रमांक लागतो. तो वापरला की सॉर्न त्याच दिवसापासून लागू होतो, म्हणून गाडी आत गेल्यावरच नोंद करा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा टॅक्स परत मिळतो आणि दरमहाची कपात आपोआप थांबते. दर वर्षी नूतनीकरण लागत नाही. लॉगबुकचा फोटो मात्र कोणाकडूनही व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. क्रमांक फोनवर वाचून घ्यावा.

उत्तर : पेडण्याहून

पत्ता वाचण्याची हीच रीत आपल्याकडेही लागू पडते. वाहनविषयक कामांचे खरे संकेतस्थळ परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन हे आहे. 'तुमचे चलान बाकी आहे' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइलसह आला, तर ती फाइल उघडू नये.

म्हार्दोळहून पुन्हा

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. कार्ड त्याच रात्री रद्द केले. खात्यातून काही गेलेले नाही. मित्राने शनिवारी व्हॅन आणून गाडी आपल्या गॅरेजमध्ये ठेवली आणि लॉगबुकवरचा क्रमांक फोनवर दोनदा वाचून दाखवला. काल मुलाने इस्पितळाच्या बाकावर बसूनच पत्ता स्वतः टाइप केला आणि नोंद केली. कुठेही कार्ड मागितले नाही. टॅक्सचा परतावा धनादेशाने आला तर तो स्विंडनच्या पत्त्यावर जाईल, म्हणून मित्राला टपालावर लक्ष ठेवायला सांगितले आहे.