बचत गटात नवीन पदाधिकारी कसे तयार करावेत? (खर्च २,००० च्या आत)

सईची_आई
नमस्कार मंडळी. १२ जणींचा गट, महिना २०० रुपये बचत, आठ वर्षं झाली. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष पहिल्यापासून त्याच. पैशांत गडबड नाही, पण वही सचिवताईंशिवाय कुणाला कळत नाही. बाकी नऊ जणी "तुम्हीच बघा" म्हणत सही करून मोकळ्या होतात. पुढच्या बँक कर्जाआधी नवीन तिघी तयार करायच्या आहेत. गटाकडे यासाठी २,००० रुपये आहेत, वर एक रुपया नाही. काय करावं?

टॅबवाला_तात्या
ताई, सरळ १२ हजारांचा टॅब घ्या. आमच्या वस्तीतल्या गटाने घेतला, वहीची कटकटच संपली.

वही_पेन
तात्या, बजेट वाचा हो. आणि टॅब जिच्या घरी, कारभार तिच्याच घरी, म्हणजे आत्ता आहे तेच.
ताई, इतिवृत्त, रोकड वही, बचत खतावणी, कर्ज खतावणी (प्रत्येकीच्या नावाने वेगळा हिशोब) आणि सभासदांची पासबुकं हे सगळं एका हातात ठेवू नका. नव्या बाईला आधी फक्त पासबुकं द्या. पैसे हातात आले की तिथेच नोंद, तिथेच सही. घरी नेऊन भरायची नाहीत. मग रोकड वही. कर्ज खतावणी सगळ्यात शेवटी, कारण चुका व्याजात होतात. १०,००० कर्ज, महिना २ टक्के, मुद्दलाचा हप्ता १,००० धरा. पहिलं व्याज २००, पुढच्या महिन्यात ९,००० वर १८०, असं उतरत शेवटी २०. एकूण १,१०० होतात. कित्येक गट दहाही महिने २०० च घेतात, म्हणजे २,०००. हे गणित जी सगळ्यांसमोर फळ्यावर मांडेल तिला सचिव करा.

नगरी_मिरची
महिना २ टक्के??? ही तर सावकारी झाली. आमचा गट १ टक्का लावतो आणि तरी झकास चाललाय.

काटेकोर
मिरचीताई, ते व्याज गटातच राहतं. आणि इथे दर हा विषय नाही.

नगरी_मिरची
विषय कसा नाही? १ टक्का असता तर हिशोब चुकूनही फटका निम्माच बसला असता.

गावाकडचा_बँकर
माणसं बदलण्याआधी बँकेचं बघा. साधारणपणे तिघींपैकी दोघींच्या सह्यांवर खातं चालतं. बदलाचा ठराव इतिवृत्तात लिहा, हजर सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याची प्रत, नव्या तिघींचे फोटो आणि केवायसी जोडा. जुन्या सह्या कोणत्या तारखेपासून बंद, हे ठरावात लिहायचं राहतं आणि अर्ज परत येतो. कर्जाचा प्रस्ताव टाकल्यावर सह्या बदलू नका, सगळे कागद पुन्हा करावे लागतात.
आणखी एक. "मी रानात असते, कधी बोलावणार" म्हणून अध्यक्षांनी कोऱ्या विड्रॉल स्लिपांवर आधीच सह्या करून ठेवलेल्या असतात. त्या मागून घ्या आणि बैठकीत सगळ्यांसमोर फाडा. गट बुडतात ते इथूनही.

टॅबवाला_तात्या
टॅबमध्ये कोऱ्या सहीचा प्रश्नच येत नाही.

गावाकडचा_बँकर
तात्या, टॅबमधून नोटा निघत नाहीत.

माळावरची_सुगरण
आम्ही पुण्याहून ट्रेनर सर आणले होते, दिवसाचे १५ हजार. डोळ्याला पट्टी बांधून विश्वासाचे खेळ घेतले. फार छान! फोटोही मस्त आले.

काटेकोर
सुगरणताई, इथे नऊ जणी आधीच डोळे मिटून सह्या करतायत, आणखी पट्टी कशाला?
प्रशिक्षण फुकट मिळतं. गट उमेदचा (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) असेल तर ग्रामसंघात (गावातल्या गटांचा संघ) विचारा, माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळ) असेल तर त्यांच्या लोकसंचालित साधन केंद्रात. पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, नोंदी. गाडी अडते पाचव्यावर.
बैठकीत पैसे चटईच्या मधोमध ताटात ठेवा. एकीने मोजायचे, दुसरीने परत मोजायचे, तिसरीने आकडा मोठ्याने सांगायचा. मागची शिल्लक, त्यात आजची बचत, परतफेड आणि व्याज मिळवा, दिलेलं कर्ज आणि खर्च वजा करा. ताटातली रक्कम तेवढीच भरली पाहिजे. उठण्याआधी हा आकडा कुणाही एकीला विचारा, दर बैठकीत वेगळी. विचारणार हे माहीत असलं की लक्ष आपोआप लागतं.
बेनामी कर्जाकडेही बघा, म्हणजे नाव एकीचं, पैसे वापरते दुसरी. खूण सोपी: दोघींचे हप्ते एकाच हातातून येतात आणि थकतातही एकाच महिन्यात. कर्ज रोख न देता थेट तिच्या खात्यात टाका. पूर्ण थांबत नाही, पण माग राहतो.

वही_पेन
निवड हात वर करून नको. सासू-सून, जावा एकाच गटात असतात, कोण कुणाविरुद्ध हात वर करणार? गुप्त मतदान घ्या. आणि तिघी एकदम बदलू नका, जुनी एक राहू द्या. चिठ्ठ्या टाकून तर मुळीच नको, नको तिचं नाव निघतं.

माळावरची_सुगरण
+१. गुप्त मतदानच घ्या, चिठ्ठ्या नकोत.

नगरी_मिरची
चिठ्ठ्या नकोतच. आणि व्याज कमी करा.

सईची_आई
सगळ्यांचे आभार. चिठ्ठ्याच टाकायचं ठरवलंय, आणि तिघी एकदम बदलणार. १२ पैकी पाच जणी अध्यक्षताईंच्या भावकीतल्या. मतदान गुप्त ठेवलं तरी निकाल आजच सांगता येईल. जुनी एक ठेवली तर वही तिच्याकडेच राहणार. जुन्या तिघी वगळून नऊ चिठ्ठ्या. सचिवताई तीन बैठका शेजारी बसून शिकवतील, पण पेन हातात घ्यायचं नाही, हे त्यांनीच कबूल केलंय. कोऱ्या स्लिपा चार निघाल्या, फाडल्या. २,००० मध्ये फळा, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर आणि तालुक्याला प्रशिक्षणाला जायचं रिक्षाभाडं.

काटेकोर
लिहिता न येणारीची चिठ्ठी निघाली तर?

सईची_आई
तशा दोघी आहेत. निघाली तर अध्यक्षपद तिला, वही सचिव लिहील. त्यातल्या एकीचा भाजीचा धंदा आहे, तोंडी हिशोबात आमच्यात तिचा हात कुणी धरत नाही.

नगरी_मिरची
आणि व्याजाचं काय ठरलं?

टॅबवाला_तात्या
जुना टॅब सात हजारांत आहे, चार्जरसकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.